नाव घेऊन बसवा

गाडी घ्यायची ठरली त्या दिवसापासून मी खिशात टेप घेऊन फिरत होतो. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता आहे, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मधुवंती, माझी बायको, म्हणते की मी लग्नाआधी तिची उंची मोजून घेतली नाही हेच नवल. पण या वेळी मोजायला कारण होतं. आमची निकिता नऊ वर्षांची. जुलैत तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर बुधवारी तिला व्यायामासाठी यवतमाळहून नागपूरला न्यावं लागत होतं. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. भाड्याची छोटी गाडी केली तर तिला सीटवर पडल्यासारखं बसावं लागे. उतरताना ती ओठ चावायची आणि मी दुसरीकडे बघायचो. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने एकही बुधवार चुकवू नका, नाहीतर पाय कायमचा अधू राहील.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर मी ॲव्हरेज, सनरूफ, स्क्रीन यातलं काही विचारलं नाही. दार उघडायचं, जमिनीपासून सीटपर्यंत टेप लावायचा. छोट्या गाडीची सीट बावन्न सेंटीमीटर. मोठ्या सात सीटवालीची एक्क्याऐंशी, तिथे तर मलाच दांड्याला धरून चढावं लागलं. मग ती मधल्या आकाराची एसयूव्ही आली. सहासष्ट. निकिता नुसती मागे टेकली, दोन्ही पाय आत घेतले आणि बसली.

"बाबा, दुखलं नाही!"

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सेल्समनसुद्धा हसला. माझ्या बाबांनी, म्हणजे कमलाकररावांनी, गाडीला तिथल्या तिथे नमस्कार केला. मधुवंतीने रंगही ठरवून टाकला. अडचण एकच होती, नव्या गाडीला चार महिने थांबावं लागणार होतं आणि आमचे बुधवार थांबणार नव्हते. तेव्हा तीच गाडी जुनी बघायची ठरली. दोन दिवस आमच्या घरात कोणी टीव्ही लावला नाही, सगळे मोबाईलवर गाड्या बघत होते.

राळेगावच्या पुढच्या एका गावात मिळाली. दोन वर्षं वापरलेली, अकरा हजार किलोमीटर, एकच मालक. रविवारी सकाळी आम्ही चौघं भाड्याच्या गाडीने गेलो आणि पोचल्या पोचल्या मी ती गाडी परत पाठवून दिली.

"अरे चारू, सौदा व्हायचा आहे अजून," बाबा म्हणाले. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!"

पण उतावळे तेही होते. सकाळी पाचलाच आंघोळ करून बसले होते.

गाडीचे मालक सदाशिवराव साठीच्या पुढचे, कापूस-तुरीचे शेतकरी. घरी ते आणि विमलताई दोघंच. समोरची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, तिचा कोरडा वास अंगणापर्यंत येत होता. गाडी कडुनिंबाखाली उभी होती, पांढरी, धुतलेली. मी बाह्या सरसावल्या. गाडी पुरात बुडाली होती का ते कळावं म्हणून सीटचे पट्टे पूर्ण ओढून चिखलाची रेघ बघितली, स्टेपनीखाली हात घालून गंज बघितला, दारं वाजवून बघितली. कुठेही खोट नाही. जिवाला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, की आत्ता कोणीतरी येऊन गाडी विकली म्हणून सांगेल.

एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवली. मागच्या सीटच्या दोन्ही बाजू अगदी कोऱ्या होत्या. मधली जागा तेवढी बसून बसून गुळगुळीत झालेली होती.

"मागे मध्ये कोण बसतं?" मी विचारलं.

सदाशिवराव कापसाच्या खोलीकडे बघत होते. "आमी दोघंच आहो जी."

"मग विकता काहून? चांगली तर आहे."

"दोघायले पुरत नाही."

मला वाटलं, शेतीचं सामान मावत नसेल. म्हातारा गमतीशीर आहे असं मी मधुवंतीच्या कानात म्हणालो. व्यवहार तासाभरात उरकला. विमलताईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मग मधुवंतीला, बाबांना, निकिताला एकेक करून नावं विचारली.

"आमच्याइकडे गाडीत माणूस नाव घेऊन बसवतात," त्या म्हणाल्या. "बैलगाडी होती तवापासून. ज्याचं नाव घेतलं त्यानं 'हो' म्हणाव अन् बसाव. मी घेते नावं, थांबा."

मी थांबलो नाही. खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो. किल्ली माझ्या हातात होती, निकिता टाळ्या वाजवत होती, आणि माझा आनंद पोटात मावत नव्हता. मी चारही दारं धाडधाड उघडली आणि ओरडलो, "चला, बसा सगळे!"

विमलताईंनी तोंडावर हात ठेवला.

"कायले म्हटलं बापा तुमी तसं?"

"काय झालं?"

सदाशिवरावच पुढे आले आणि त्यांनी सगळ्यात शेवटी मागचं दार अगदी हळू लावलं, आत कोणाचं बोट सापडू नये असं. "आता रोज नाव घेऊन बसवत जा साहेब," ते म्हणाले. "एकबी दिवस चुकवू नका."

फाट्यापर्यंत आम्ही सगळे एकदम बोलत होतो. एसी किती गार, आवाज किती कमी, खड्डा कळतसुद्धा नाही. मग टिंग टिंग सुरू झालं. समोरच्या पडद्यावर मागच्या तीन सीटांची तीन चित्रं होती, त्यातलं मधलं लाल झालं होतं. म्हणजे तिथे कोणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही.

"बाबा, डबा ठेवलाय का मध्ये?"

"डबा माझ्या मांडीवर आहे."

कळंबला गाडी थांबवून मी सीट दाबली, झटकली. तरी लाल. शेवटी बाबांनी रिकाम्या जागेवरून पट्टा ओढून खटकन लावला, तशी टिंगटिंग थांबली. आम्ही सगळे हसलो. निकिता मात्र दाराला चिकटून बसली होती.

"नीट बस ना गं, मोकळी."

"जागा नाही बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बबलू मेकॅनिकने सीट उचलली, वायर बघितली, सेन्सर बदलला. संध्याकाळी पुन्हा लाल. बबलू म्हणाला, "साहेब, सेन्सर नवा आहे. तो खोटं कायले बोलन?" मी वैतागलो. पण बुधवारी आम्ही नागपूरला गेलो आणि निकिता न कण्हता उतरली, तेव्हा वैताग विसरलो. टिंगटिंगीचं काय, पट्टा लावून टाकायचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड.

तरी माझ्यातला अभियंता गप्प बसेना. एका दुपारी गाडी पूर्ण रिकामी करून मी जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. पायपुसणीसुद्धा काढली होती. टाकीत किती पेट्रोल तेही माहीत होतं. मी उतरून बाजूला उभा राहिलो. काट्यावरचा रामधन ओळखीचा, तो म्हणाला की हा काटा कापसाच्या गाड्यांसाठी आहे, पाच-पाच किलोच्या पटीत दाखवतो. हिशोबाने यायला हवं होतं त्यापेक्षा पंचवीस किलो जास्त आलं.

"आत कोणी बसलं आहे का?" रामधनने खिडकीतून विचारलं.

"नाही."

"मंग उतरवा ना त्याले," तो आकड्यावरून नजर न काढता म्हणाला आणि चिठ्ठी छापून दिली. मी आत नीट वाकून बघितलं. सीटवर ऊन पडलं होतं.

घरी आल्यावर मी एक प्रयोग केला. सात दिवस आम्ही नेहमीसारखे बसलो, सात दिवस नावं घेऊन बसलो. नेहमीसारखे बसलो तेव्हा सातही दिवस मधलं चित्र लाल. नावं घेतली तेव्हा सातही दिवस विझलेलं, आणि निकिता पाय पसरून बसलेली. मी वहीत 'योगायोग?' असं लिहिलं आणि वही मिटली. पण नावं घेणं काही सोडलं नाही. तोवर तो आमच्या घरचा खेळच झाला होता. मी दारवानासारखा उभा राहायचो, "श्रीयुत कमलाकरराव!" म्हणायचो, बाबा "हो!" म्हणून बसायचे. मग मधुवंती. निकिताचं नाव शेवटी, कारण तिला चढायला वेळ लागायचा आणि मी तिच्या कोपराखाली हात द्यायचो.

डिसेंबरचा दुसरा बुधवार. सकाळी सातला थंडी मी म्हणत होती, काचांवर दव होतं. मी फार खुशीत होतो. आदल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते की पाय वळतोय, अजून थोडे दिवस. मी एका हाताने मागचं दार धरलं, दुसऱ्या हाताने काच पुसत राहिलो आणि नावं घेतली. बाबा "हो" म्हणाले, बसले. मधुवंती "हो रे हो" म्हणत पुढे बसली. मी तिसरं नाव घेतलं. मागून बारीक "हो" आलं आणि कोपराखाली द्यायला मी हात पुढे करायच्या आत माझ्या हाताखालून ती सरकन आत गेली.

सरकन. न टेकता, न थांबता.

मी तसाच उभा राहिलो. मग माझे डोळे भरून आले.

"मधू! बघितलंस? एकटी चढली! माझा हात लागला नाही तिला!"

मधुवंतीने मागे वळून बघितलं असेल-नसेल, ती रडायलाच लागली. बाबांनी "गजानना, गजानना" म्हणत डोळ्यांना रुमाल लावला. मी दार लावलं. पडद्यावर मधलं चित्र विझलेलं होतं. गाडी गल्लीतून बाहेर काढताना मी हॉर्न वाजवला, उगीचच, दोनदा.

रस्ताभर मी बोलत होतो. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जाऊ, शाळेत परत जाता येईल, सायकल शिकवू. दोन्हीकडे कापसाची वेचणी चालली होती, आणि ते पांढरं शिवारही मला त्या दिवशी आमच्यासाठीच सजल्यासारखं वाटत होतं.

"दुखलं का गं जरासुद्धा?" मधुवंतीने समोर बघतच विचारलं.

आरशात मला खिडकीकडे वळलेलं डोकं दिसत होतं. ते नाही म्हणून हललं.

"बघ," मी म्हणालो.

कळंब मागे पडल्यावर फोन वाजला. चालवताना मी फोन घेत नाही. तो थांबून पुन्हा वाजला, पुन्हा थांबून पुन्हा. शेजारच्या शोभाकाकू होत्या. मी गाडी कडेला घेतली आणि एंजिन चालू ठेवून खाली उतरलो.

"अरे चारू, काय माणूस आहेस!" काकू रागावल्या होत्या. "पोरीले सोडून गेले तुमी? फाटकापाशी उभी आहे केव्हाची, थंडीत. काठीवर भार देऊन. मी दूध घ्यायले आली तं दिसली."

"कोण?"

"कोण म्हंजे? निकिता."

मी हसलो. "काकू, निकिता गाडीत आहे."

"घे, बोल तिच्याशी."

फोनवर आधी नुसता श्वास आला.

"बाबा." रडून रडून तिचा आवाज बसला होता. "मी बूट घालून पायरीवरच उभी होते. आजोबांचं नाव घेतलंत, आईचं घेतलंत. माझं घेतलंच नाही. मी हाक मारली, तुम्ही हॉर्न वाजवत निघून गेलात."

मी गाडीच्या मागच्या भागाला टेकलो. एंजिनची बारीक थरथर पाठीला लागत होती.

"मग कोणाचं घेतलं मी?"

"मला नाही माहीत," निकिता म्हणाली. "पण ती 'हो' म्हणाली."

मी आठवायचा प्रयत्न केला. तिसरं नाव. ते मी लाडाने घेतलं होतं, रोज घेतो तसंच, एवढं आठवत होतं. ओठांवर फक्त ते येईना.

मी मान वर करून मागच्या काचेतून आत बघितलं. काच आतून धुरकटली होती. बाबा खिडकीशी डुलक्या घेत होते. पुढे मधुवंतीने बिस्किटांचा पुडा फोडला, एक बिस्कीट काढलं आणि समोर बघतच हात मागे केला.

तिचा हात रिकामा परत आला.