बारा नंबरची घंटा

सकाळी चहा घेऊन गेलेल्या सिस्टरला बारा नंबरमधले म्हातारे मास्तर पलंगाशेजारी मरून पडलेले दिसले. घंटेचं बटण अजून मुठीत होतं. अंगठ्याची कातडी सोलली होती. भिंतीवरच्या घंटेचा हिरवा दिवा मात्र व्यवस्थित चालू होता.

इन्स्पेक्टर बाईंनी वृद्धाश्रमाच्या त्या बारा नंबरच्या खोलीत पाऊल ठेवलं आणि पहिल्यांदा सिस्टरलाच धारेवर धरलं.

"झोपला होतात?"

"नाही बाई. सात नंबरची घंटा दोनदा वाजली, दोन्ही वेळा गेले. यांची वाजलीच नाही. दम्याचा माणूस, रोज रात्री ऑक्सिजनसाठी बोलवायचे. म्हटलं, आज बरं वाटत असेल."

सगळ्या घंटा सिस्टरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या होत्या. नवीन खोल्या वाढल्या म्हणून त्यावर आदल्याच दिवशी नवा प्रोग्राम बसवला होता. तो मास्तरांच्या मुलाच्या कंपनीचा. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. डोळे कोरडे.

"प्रोग्राम तुम्ही लिहिलात?"

"छे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या ऑफिसातल्या पोरीने केला. मी नुसता आणून बसवला."

"मग घंटा का नाही वाजली?"

"विंडोजसाठी मर्यादा वाढवायची राहिली असेल तिच्याकडून. माझा बाप गेला, बाई. तिला सोडू नका."

पोरीला बोलावून आणलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मालकाने सकाळीच तिच्या आईला फोन केला होता: तुमच्या मुलीने माझ्या वडिलांना मारलं. आईने पोरीला एवढंच विचारलं होतं, "खरं का ग?"

"काय चुकलं तुमचं?" इन्स्पेक्टर बाईंनी सुरुवातच तिथून केली.

"प्रोग्राममध्ये एक लायब्ररी असते, म्हणजे आयता मिळणारा कोड. ती सगळ्या घंटांवर नजर ठेवते, कुणी बटण दाबलं की कळवते. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, तिथे कितीही घंटा चालतात. इथे विंडोज. त्यासाठी लायब्ररी बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारी प्रत बनवताना, मर्यादा वाढवायचा पर्याय द्यावा लागतो. नाही दिला तर ती चौसष्ट जोडण्यांवरच नजर ठेवते. त्यापुढची घंटा जोडली जाते, दिवाही लागतो, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. आणि काही बिघडलंय असं सांगतही नाही."

"तो पर्याय तुम्ही दिला नाही."

"दिला होता."

"सगळे असंच म्हणतात. शिवाय खोली बारा नंबरची. ती चौसष्टच्या बाहेर कशी जाईल?"

"खोलीचा नंबर नाही बघत ती. कोण आधी जोडलं गेलं ते बघते. इथे जोडण्या चौसष्टपेक्षा एकानेच जास्त आहेत. म्हणजे सगळ्यात शेवटी येईल ती एकच घंटा मुकी."

इन्स्पेक्टर बाई सिस्टरकडे वळल्या.

"काल घंटा सुरू केल्या तेव्हा मास्तरांजवळ कोण होतं?"

"मुलगाच की. घंटेची पिन काढून तिथे फोन चार्जिंगला लावला होता. बाकीच्या सगळ्या चालू झाल्यावर त्यांची परत जोडून दिली. मला बरं वाटलं. किती महिन्यांनी आला होता."

पोरीने मालकाला दिलेल्या विंडोजच्या प्रोग्रामची आपल्या लॅपटॉपवरची प्रत कॉम्प्युटरवर चढवली. सिस्टर प्रत्येक खोलीत जाऊन बटण दाबून आली. झाडून सगळ्या घंटा वाजल्या. मग मालकाने बसवलेली प्रत पुन्हा सुरू केली आणि एक घंटा मुद्दाम मागून जोडली. फक्त तीच वाजली नाही.

मुलाला आत बोलावलं.

"हिची प्रत तुम्ही बसवलीच नाही," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "तो पर्याय काढून नवी बिल्ड केलीत. फोनच्या निमित्ताने वडिलांची घंटा शेवटी जोडलीत. ते रोज रात्री बोलवतात हे ठाऊक असूनच."

"मला यातलं कळत नाही, सांगितलं ना."

"सकाळी मी फक्त घंटा का वाजली नाही एवढंच विचारलं. तेव्हा इथे कुणी काही तपासलंही नव्हतं. विंडोजच्या मर्यादेचा विषय तुम्हीच काढलात."

"लहानपणी ते मला अडगळीच्या खोलीत कोंडायचे," मुलगा म्हणाला. "मी दार बडवायचो. ते पलीकडे वह्या तपासत बसलेले असायचे. आवाज त्यांना ऐकू यायचा. म्हटलं, एकदा त्यांनाही कळू दे."

पोरीने मान वर केली. "आणि मी? मी काय केलं होतं?"

"तू? काही नाही." त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कुणाचं तरी नाव लागणारच होतं."