आवाज बदलण्याचा प्रस्ताव

तिसगावात, बाजारतळामागं, अजिनाथचं घर. तिथं बसून तो एका मराठी सॉफ्टवेअरचं काम बघायचा. अंधांना मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, कुणा एकाच्या मालकीचं नाही. गावजेवणासारखा कारभार, जमेल त्यानं हात लावायचा. पण बदल करायचा तर आधी सगळ्यांपुढं चर्चेला टाकायचा, हरकतींना उत्तरं द्यायची, मगच तो आत घ्यायचा.

त्यातला बाईचा आवाज अजिनाथच्या आईचा, लंकाबाईचा. ऊसतोडीहून परतल्यावर तिनं मोठ्या हौसेनं रेकॉर्ड करून दिलेला. पण ऑनलाइन बैठकीत शहरातली मंडळी त्या बोलीला हसली. अजिनाथही हसला, आणि लगेच त्यानं प्रस्ताव टाकला: हा आवाज काढून दुसरा घ्यावा.

हरकत एकच आली, सोनईच्या सत्यशीलाची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. 'मला हा आवाज घरचा वाटतो. त्या बाईंना विचारलंत का? कोण आहेत त्या?'

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. खाई त्याला खवखवे. अजिनाथचे कान तापले. त्यानं लिहिलं, 'माझ्या ओळखीच्या नाहीत.'

आतली थापथाप थांबली.

मग विचारणार तरी कुणाला, म्हणून सत्यशीलानं हरकत मागं घेतली. बदल मंजूर झाला. अजिनाथला स्वतःची इतकी लाज वाटली, की सगळं सांगून टाकावं म्हणून तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

त्याला बघताच लंकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परका पुरुष आला की ओढायची, तसा.

"बसा पाव्हनं." तिनं फळीवरून पाहुण्यांचा पेला काढला. "कोन पायजे तुमाला?"

"आई, थट्टा नको."

ती हसली नाही. पाण्याचा पेला तिनं हातात न देता दूर जमिनीवर ठेवला.

"आई, मी अजिनाथ!"

"व्हय? माझ्या पोराचं बी त्येच नाव हाय. आत काम करतोय." अजिनाथ नुकताच जिथून उठून आला होता, त्या खोलीकडं ती वळली. "अजिनाथ, कुनी तरी आलंय बघ."

खोलीतून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

टकटक थांबली. खुर्ची सरकली.

"आलो गं आये," अजिनाथच्याच आवाजात उत्तर आलं. इतक्या मायेनं अजिनाथनं स्वतः आईला कित्येक वर्षांत ओ दिली नव्हती.

लंकाबाईचा चेहरा खुलला.