सांधा

जुना लेबल-प्रिंटर शेवटी शेवटी वजनं अर्धवट छापायला लागला होता. आठाचा तीन व्हायचा, आणि दुकानदार फोन करून हसायचे, "ताई, तुमच्याकडे आज सेल लागलाय वाटतं!" म्हणून दादानं नवा आणला. कोरा करकरीत, थर्माकोलमध्ये घट्ट बसवलेला, राखाडी, पावाच्या लादीएवढा.

मांस कापून, पाकिटात भरून दुकानांना पोचवायचं, हा त्या बहीणभावांचा धंदा. आतल्या हॉलमध्ये कटिंग चालायचं. तिथे हुकांना सोललेल्या मेंढ्या टांगलेल्या असायच्या. मधे काचेची भिंत, आणि अलीकडे पॅकिंगचं टेबल, वजनकाटा, संगणक. त्याला लागून ताईचं छोटंसं ऑफिस. लग्न मोडून दादाकडे राहायला येण्याआधी ताई एका कंपनीत संगणकांची देखभाल करायची. इथेही तेच काम तिनं अंगावर घेतलं. काचेच्या पलीकडे मात्र ती जायची नाही. सोललेल्या मेंढ्यांकडे तिला बघवायचं नाही. "ताटात बरं बघवतं," असं दादा चिडवायचा, आणि ती म्हणायची, "शिजल्यावर ओळख पटत नाही ना."

प्रिंटर तिनं सकाळी जोडला. ड्रायव्हर टाकला, लेबलांचं रीळ बसवलं. पॅकिंगवाल्या मावशींनी पहिला ट्रे काट्यावर ठेवला आणि छापायचं बटण दाबलं. पडदा निळा झाला, मग काळा. संगणक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. प्रिंटरनं एक लेबल बाहेर टाकलं. कोरं.

"घ्या," मावशी म्हणाल्या, "पहिल्याच घासाला खडा."

तेवढ्यात आतून किंकाळी आली.

मास्तर आणि पैलवान एकाच टेबलावर समोरासमोर काम करायचे. मास्तर वयानं मोठे. पैलवानाला सुरी धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि पैलवान त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. आता मास्तर डावा हात पोटाशी धरून खाली बसले होते, आणि त्यांचा अंगठा फळीवर पडला होता. पैलवान सुरी पुसत उभा होता. दादानं त्याला खांदे धरून गदागदा हलवलं तेव्हा त्यानं डोळ्यांची उघडझाप केली, फळीकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबून तो जमिनीवर कोसळला.

"मी नाही," एवढंच तो म्हणत राहिला. "मी मघाशी बरगडी काढत होतो. मी नाही."

हात निसटला असेल, असं सगळ्यांनी धरलं. दवाखान्यातला डॉक्टर तेवढा कोड्यात पडला. अंगठा नेमका सांध्यातून सुटा झाला होता, हाडाला ओरखडासुद्धा नव्हता. या गडबडीत बंद पडलेल्या संगणकाचा विचार कोण करतो?

ताईनं तो दुसऱ्या दिवशी केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा शिरस्ता. आधी ड्रायव्हर काढून नवा टाकला. मग केबल बदलली. माल घ्यायला आलेला टेम्पोवाला टेबलाला टेकून मावशींशी गप्पा मारत होता. त्याच्या मुलीला नोकरी लागली होती आणि मावशी पेढ्यांवरून त्याला छळत होत्या. ताईनं ऑफिसातून सांगितलं, "मावशी, आता बघा बरं छापून."

निळा पडदा. काळा. "श्शी!" म्हणून ताईनं टेबलावर मूठ आपटली.

बाहेर काहीतरी जड पडलं.

ती दारात आली तर टेम्पोवाला पालथा पडला होता, आणि मावशी त्याच्या पोटऱ्यांपाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. मुंगी पायाखाली येईल म्हणून वाकडी वाट करणाऱ्या मावशी. त्यांच्या हातात पाकिटं कापायचा कटर होता. एका टाचेमागची शीर त्यांनी कापली होती आणि दुसऱ्या पायाची त्या अंगठ्यानं चाचपत होत्या. घाई नव्हती, राग नव्हता. माणूस ओरडत होता आणि त्या, शेंगा निवडाव्यात तशा, मान खाली घालून कामात होत्या.

"मावशी!"

त्यांनी वर बघितलं. चेहरा हळूहळू त्यांचा झाला. "काय झालं हो ताई याला?" त्या म्हणाल्या. "कुणी केलं हे?"

संध्याकाळपर्यंत पोलीस त्यांना घेऊन गेले. गाडीत चढतानाही त्या मागे वळून विचारत होत्या, तो बरा आहे ना म्हणून.

ताई हिशेब मांडत बसली. दोन्ही वेळा पडदा काळा होता. दोन्ही वेळा कोरं लेबल बाहेर आलं होतं. तिनं जुना प्रिंटर पुन्हा जोडला, तर दिवसभर संगणक एकदाही बंद पडला नाही आणि कुणाला खरचटलंही नाही. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस आनंदानं म्हणाला, "मॅडम, एकदा काढून परत लावून बघा ना."

दादाला तिनं सांगितलं, तेव्हा तो आधी हसला आणि मग चिडला. "आणि पोलिसांना काय सांगू? प्रिंटरनं मावशींच्या हाती कटर दिला?"

"मला आधी खात्री करू दे."

"कसली खात्री, चिमे? भंगारात टाक ना तो डबा!"

"भंगारात टाकला तर मावशींचं काय? आयुष्यभर त्या असंच समजतील की हे आपण केलं."

दादानं मान डोलावली. मावशींनी त्या दोघांनाही शाळेत सोडलं होतं, आईच्या आजारपणात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला अंगणात गेले. ताईनं दादाला बजावलं, कुणालाही आत सोडायचं नाही, तूही यायचं नाहीस, मी हाक मारेपर्यंत. सगळं पूर्वीसारखंच ठेवून या वेळी ती एकच गोष्ट बदलणार होती. आत माणूस असणार नव्हता. संगणक बंद पडेल, फार तर प्रिंटर जळेल, पण इजा व्हायला कुणी जागेवरच नसेल. तिचं गणित चोख होतं. दार लागल्याचा आवाज आला. शीतगृहाची मोटर घरघरत होती. काचेपलीकडे मेंढ्या एका ओळीत टांगलेल्या होत्या आणि धुतलेल्या फरशीवरून पाणी जाळीकडे चाललं होतं.

तिनं प्रिंटर जोडला. रिकामा ट्रे काट्यावर ठेवला. बटण दाबलं.

पडदा निळा झाला.

आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आत कुणी नाही असं धरताना तिनं स्वतःला मोजलंच नव्हतं.

नळ वाहत होता.

पाणी कोमट होतं. तिच्या हातांवरून ते गुलाबी होऊन खाली पडत होतं. ती आपले हात धूत होती, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सावकाश, सवयीनं. समोर पांढऱ्या फरशा होत्या. या फरशा तिनं काचेतूनच बघितल्या होत्या. ती काचेच्या आत होती.

कमरेला एप्रन होता. गाठ नीट बांधलेली.

मागे कुणीतरी श्वास घेत होतं.

तिला वळायचं नव्हतं.

दादा स्टुलावर बसला होता. भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून, शहाण्या मुलासारखा. त्याचा उजवा हात कोपरापर्यंतच होता. दंडाला दोरी घट्ट आवळलेली होती. कोपराखालचा हात टेबलावर, ट्रेमध्ये, तळवा वर करून ठेवला होता. शेजारी सुरी, स्वच्छ पुसलेली.

"दादा," ती म्हणाली.

त्या हाकेनं तो जागा झाला आणि ओरडायला लागला.

अंगणातली माणसं धावत आली. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली, कुणीतरी टॉवेल आणले. ताईला एवढंच आठवतं की तिनं हातोडा उचलला आणि प्रिंटरवर घालत राहिली. पत्रा वाकला, काच फुटली, दातेरी चाकं फरशीवर घरंगळत गेली, आणि तरी ती थांबली नाही. शेवटी पैलवानानं तिला मागून मिठीत धरून उचललं. तिच्या तळव्यांची सालटी निघाली होती. डब्याच्या आत काहीच नव्हतं. तारा, चाकं, प्लॅस्टिक. कुठल्याही प्रिंटरमध्ये असतं तेवढंच.

दादानं पोलिसांना सांगितलं की हाड कापायच्या यंत्रात हात गेला. साहेबांनी यंत्राकडे बघितलं, ते कोरडं होतं, पण फिर्यादच नाही म्हटल्यावर त्यांनीही फार खोदलं नाही. शल्यविशारद वहिनींना म्हणाला, "मी इतकी वर्षं हेच करतोय. मला इतकं साफ जमलं नसतं."

शुद्ध नीट आल्यावर दादानं ताईला जवळ बोलावलं. खोलीत दोघंच होती.

"मी तुला येऊ नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तूच हाक मारलीस."

"दादा म्हणून?"

त्यानं नजर छताकडे वळवली. "नाही. आवाज तुझाच होता. 'पुढचा' म्हणालीस."

तिनं त्याच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

"मी आलो. तू म्हणालीस बस, मी बसलो. हात पुढे कर म्हणालीस." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "मी केला, चिमे. का केला, ते मलाही माहीत नाही. यातलं वहिनीला काही सांगू नकोस."

त्यानंतर दिवस सावरत गेले, सावरावे लागतात तसे. मावशी जामिनावर सुटल्या. ताईनं पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं होतं, ते कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही. टेम्पोवाला काठी घेऊन का होईना, चालायला लागला, आणि त्यानंच तक्रार मागे घेतली. कटिंगचा हॉल मास्तर सांभाळतात, अंगठ्यावाचून. पैलवान आता फक्त माल उतरवतो. दादा डाव्या हातानं सही शिकला, आणि ती मुलीच्या अक्षरापेक्षा वाईट आहे म्हणून घरात त्याची टिंगल होते. तोही हसतो. फक्त ताई ताट वाढायला वाकली की तो किंचित मागे सरकतो. आपण सरकलो हे त्याला कळत नाही, आणि ताईला कळलेलं तो बघत नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी सकाळी भाची धावत आली. केस धुतलेले होते, तिला दोन वेण्या हव्या होत्या. "आत्या, तूच घाल. आई ओढते." ती ताईच्या मांडीत येऊन बसली. ऊन खिडकीतून थेट आत आलं होतं. स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावत होत्या, दादा खुर्चीत पेपर वाचत होता. ताईनं केसांचा गुंता सोडवला, भांग पाडला, तीन पेड हातात घेतले. पोरगी शाळेतल्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट सांगत होती. किती दिवसांनी घरात असं सकाळसारखं वाटत होतं.

"आत्या," पोरगी खिदळली, "गुदगुल्या नको ना करूस."

ताईनं खाली बघितलं. वेणी अर्धी राहिली होती. तिचा डावा हात पोरीच्या खांद्यावर होता, आणि अंगठा हाडाच्या कडेनं सावकाश सरकत येऊन एका मऊ खाचेपाशी थांबला होता. दाबून बघत होता. जागा बरोबर होती.