आजोबांचे विस्थापन

नव्या शाळेच्या गच्चीवर दुर्बीण बसणार, म्हणून मी तीन वर्षं वाट पाहत होते. शाळा खाडीकाठी व्हायची होती आणि आजोबांनी केलेला तिचा आराखडा उद्या शाळेच्या मंडळापुढे जायचा होता. पण मला एक गोष्ट काही केल्या पटेना. संगणकातल्या शाळेवर मी वादळ सोडलं, तरी तिचा पाया हलला किती? शून्य मिलिमीटर!

"उत्तम!" आजोबा म्हणाले. त्यांचा जन्म गेला घाटातल्या काळ्या कातळावर इमारती बांधण्यात. "पाइल (जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब) अजिबात हलत नाहीत असं धर, हे मीच मोजूला सांगितलंय."

मोजू म्हणजे आमचा यंत्रमानव. पक्का सांगकाम्या.

"पण आजोबा, इथे सगळा गाळ आहे. बाबल्याकाकांच्या होडीचा खुंट हात लावला तरी डुलतो."

"नीट रोवला नसेल! चल, दाखवतो."

ओहोटी होती. पँट दुमडून आजोबा गाळात उतरले आणि खुंटाला मिठी मारून म्हणाले, "बघ, हलतोय का—"

खुंट कलला. सोबत आजोबाही.

"आजोबांचे विस्थापन (जागेवरून सरकणे) साठ सेंटिमीटर," मोजूने जाहीर केलं. "दिशा, गाळ."

"हसतोस काय? हात दे!"

"मला हसता येत नाही. शाल्मली हसतेय."

आजोबा उठले, तसा खुंटही थोडा सरळ झाला. आजोबांनी तो पुन्हा ढकलून पाहिला.

"चूक माझी," ते म्हणाले. "कातळात खांब घट्ट बसतो. इथे माती सरकते आणि उलट ढकलतेही."

"गादीतल्या स्प्रिंगसारखी?"

"तेच! मोजू, संगणकातल्या पाइलला दर मीटरला आडवी स्प्रिंग लाव. वर गाळात ढिली, खाली घट्ट वाळूत ताठ. पण किती ताठ? त्यासाठी माती तपासायला हवी."

"तपासणीचा अहवाल माझ्याकडे आहे," मोजू म्हणाला. "कुणी मागितलाच नाही."

पुन्हा वादळ सोडलं. पाया चाळीस मिलिमीटर सरकला!

"दुर्बीण रद्द?"

"रद्द कशाला? हलतंय हे कळलं, की आवरता येतं."

आजोबांनी पाइल जाड केले, संख्या वाढवली. चाळीसाचे चार झाले आणि आराखडा मंजूर झाला.

दीड वर्षाने मी गच्चीवरून शनीची कडी पाहिली. वारा होता, तरी कडी जागच्या जागी होती. मला रडूच आलं.

"हलतंय का गं?" आजोबांनी विचारलं.

"छे!"

"हलतंय थोडं, बरं का," ते अभिमानाने म्हणाले. "मोजून हलतंय. आता चंद्रावरही शाळा बांधू. फक्त आधी तिथली माती तपासायची."

"तपासायला," मोजूने विचारलं, "आजोबांनाच न्यायचं का?"