तीन डावे पंख

चाळीस वर्षं मी वजनमापं तपासायची नोकरी केली. सुताएवढा फरक मला लांबून दिसतो. हे आधीच सांगून ठेवतो, मागाहून कोणी मला वेड्यात काढायला नको.

माझा थोरला भाऊ, दादा, रिमोटवर उडणारं विमान बनवत होता. वर दोन पंख, खाली दोन. खालचा उजवा तेवढा राहिला आणि दादा गेला. तिकडे लेकीचे दिवस भरत आलेले, वहिनींचं रविवारचं तिकीट काढलेलं. पण बाई हट्टाला पेटल्या.

"हे एकदा उडालेलं बघितल्याशिवाय मी घर सोडायची नाही, भावजी."

म्हणून सोमवारी दादाच्या टेबलाशी बसलो. आराखड्यावर फक्त डावा पंख काढलेला असतो. उजवा करायचा तर कागदाला तेल चोळून तो पालथा घालायचा. रेघा आरपार दिसतात. नवशिके हे विसरतात आणि दोन डावे करून बसतात. मी विसरलो नव्हतो. फासळ्या चिकटवल्या, वर पेन्सिलीनं 'उजवा' लिहिलं. तो डिंक तासाभरात दगड होतो, म्हणून जेवून आलो.

पंख डावा झाला होता. वर माझ्याच अक्षरात 'उजवा'.

"घाई केलीत," वहिनी म्हणाल्या.

"मी आणि घाई?"

"मग उलटा बसवा की!"

"फुगीर बाजू खाली जाईल, वहिनी. विमान उडायचं सोडून जमीन नांगरेल."

बुधवारी दुसरा केला. या वेळी वहिनींना साक्षीला बसवलं, 'उजवा' असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. चहा पिऊन आलो, तर डावा. वहिनी दादाच्या स्टुलावर टेकायला गेल्या आणि चटकन उठल्या.

"गरम आहे हो," त्या हळूच म्हणाल्या.

मी म्हटलं, ऊन येत असेल. त्या खोलीत ऊन येत नाही.

शनिवारी तिसराही डावा झाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. भरदुपारी रिकाम्या स्टुलासमोर उभा राहून ओरडलो, "दादा, बास झाला चावटपणा! जाऊ दे वहिनींना. पोरीला आई हवीये तिथं!"

काही झालं नाही. मला माझीच लाज वाटली. बाहेर येऊन दार ओढलं.

आतून पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येऊ लागला.

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. आवाज थांबल्यावरच आत गेलो.

तीन डाव्या पंखांशेजारी चौथा होता. उजवा. माझ्यापेक्षा सुबक, हे कबूल करताना जीव जातो.

रविवारी सकाळी मैदानावर विमान उडालं. वहिनी रडता रडता टाळ्या वाजवत होत्या. दुपारी मी स्वतः त्यांच्या बॅगेला कुलूप लावलं आणि त्यांना गाडीत बसवून दिलं.

दोन दिवसांचा प्रवास. मंगळवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भावजी, पोचले. पण बॅगेत तो पंख कशाला हो घातलात?"

मी दादाच्या टेबलाकडे पाहिलं. तिन्ही डावे जागेवर होते.

"डावा की उजवा?" मी विचारलं.

"ते मला काय कळतंय! पण वाळवून तरी द्यायचा. डिंक ओला आहे अजून, बाळाचं दुपटं चिकटलं."