लायलने सोडलेला मासा

मंगळवारी रात्री अडीच वाजता मी माझ्या मुलीचं, हेझलचं, लाइफ जॅकेट बाथटबमध्ये बुडवून पाहत होते. आत पिठाची दहा पौंडी पिशवी बांधली होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पिशवी छान तरंगली. मग माझ्या मनात आलं, पीठ घाबरत नाही, हातपाय झाडत नाही, तेव्हा यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझा नवरा ट्रॅव्हिस दारात येऊन उभा राहिला. पिशवीकडे बघून म्हणाला, "पोहायला शिकली का?" आणि परत जाऊन झोपला.

त्या आठवड्यातला शनिवार हा मे महिन्यातला चौथा शनिवार होता. त्या दिवसापासून आमच्या नदीतला स्मॉलमाउथ बास हा मासा पकडून घरी आणायची मुभा मिळते, आणि माझ्या सासऱ्यांच्या घरात सहा वर्षांचं झालेलं मूल त्या पहाटे त्यांच्याबरोबर पाण्यात उतरतं. ट्रॅव्हिस उतरला, त्याची बहीण उतरली. यंदा हेझलची पाळी. माझ्याखेरीज कुणालाही यात काही वावगं दिसत नव्हतं. मीही याच डोंगरांत वाढले, पण आमच्याकडे मासे दुकानातल्या बंद डब्यातून यायचे.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर सासरे, म्हणजे व्हर्जिल, मागच्या ओट्यावर बसून हेझलच्या गळाच्या छोट्या रिळावर नवी दोरी चढवत होते. दोरीच्या गुंडाळीत पेन्सिल घालून ती दोन्ही हातांनी धरून ठेवायचं काम हेझलकडे होतं, आणि ती ते श्वास रोखून करत होती. साडेनऊ वाजून गेले होते.

"पपॉ, गोष्ट सांग," ती आजोबांना म्हणाली. "खरी. भुताची."

मी तिला झोपायला पाठवायला हवं होतं. पण कबूल करते, माझ्या मनात एक हिशेब चालू होता. गोष्ट पुरेशी भयंकर निघाली तर ही आपणहून म्हणेल की उद्या जायचं नाही, आणि वाईटपणा माझ्याकडे येणार नाही. दोन पदव्या घेऊन मी हे शिकले. मी खुर्ची ओढून बसले.

"आधी मला सांग," व्हर्जिल म्हणाले, "वसंतात बासच्या घरट्यावर कोण असतं?"

"बाप."

"आणि आई?"

"अंडी घालून निघून जाते."

"सुखी बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि तो बाप चुकून आपल्या गळाला लागला तर?"

"घरट्यावरच नेऊन सोडायचा. नाहीतर बारके मासे सगळी पिल्लं खातात."

"शाब्बास. हे लायललाही माहीत होतं. माझ्याबरोबर लाकडी पिंपांच्या फळ्या कापायच्या गिरणीत होता तो. लबाड बोलणारा माणूस नव्हे. साल दोन हजार नऊ, मे महिन्याची चौदा तारीख, गुरुवार. बोटी उतरवायच्या आपल्याच धक्क्यावर."

"उद्या जाणार तिथं?" मी विचारलं.

"दुसरा धक्का आहेच कुठे, कोरा?" ते म्हणाले, आणि रीळ फिरवत राहिले.

"दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं नदीने खाली जाणार होतो. लायलला आदल्या संध्याकाळी फक्त बोट नेऊन झाडाला बांधायची होती. दहा मिनिटांचं काम. बायको वृद्धाश्रमात रात्रपाळीला, म्हणून चार वर्षांची मेसी गाडीत बरोबर. वाटेतच झोपली ती. त्याने बोट बांधली. आठ वाजले होते, उजेड होता. आणि गळाची काठी गाडीत होती."

"काठी कायम गाडीतच असते," मी म्हणाले.

"ती तिथंच शोभते. तर लायल म्हणाला, दोनदा गळ टाकतो. दोनदाच. गाडीची काच खाली केलेली, पोरगी समोर दिसतेय. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा लागला. वीस इंची. असा मासा माणसाला वर्षाकाठी एखादा लागतो. तो खाली पळाला, लायल गुडघाभर पाण्यातून त्याच्यामागे. खळाळ ओलांडला. वळण ओलांडलं. गाडी दिसेना. हातात आला तेव्हा लायलने शेपटी बघितली. खालची कड सोललेली, पांढरी पडलेली."

"घरटं झाडून झाडून," हेझल म्हणाली.

"घरटं झाडून झाडून. बाप होता तो. घरटं वर धक्क्यासमोर, शंभर पावलांवर. मासा पाण्यात धरून, हळूहळू, उलट्या धारेत शंभर पावलं चालायचं. पण गाडीत मेसी एकटी. लायलला घाई झाली. त्याने मासा तिथंच सोडला. म्हणाला, जा बाबा, तुला वाट ठाऊक आहे."

व्हर्जिलच्या हातातलं रीळ थांबलं.

"परत येताना त्याला ते घरटं दिसलं. पाण्याखाली ताटाएवढा स्वच्छ गोल. त्यावर बारक्या माशांची गर्दी. त्याने मान वळवली. गाडीचं दार उघडं होतं."

"मेसी?"

"नव्हती."

मी हेझलकडे पाहिलं. पेन्सिल घट्ट धरून बसली होती. माझा बेत बरा चालला होता, आणि खुर्ची मात्र मीच तिच्याजवळ ओढली.

"मग ती दिसली. गोट्यांच्या काठावर, मधोमध, मांडी घालून बसलेली. तिच्याभोवती गोटे झाडलेले होते. या ओट्याएवढा गोल. काटक्या, पानं, गाळ, सगळं कडेला सारलेलं. आतला एकेक गोटा धुतलेला. लायलने हाक मारली. तिने हात हलवला. तो धावला. गोलाच्या कडेशी त्याच्या गुडघ्यांवर काहीतरी आदळलं."

"कुणी ढकललं?"

"ढकललं नाही. ढुशी दिली. तो पडला. उठला, दुसऱ्या बाजूने गेला. तिथेही ढुशी. दिसत कुणीच नव्हतं. फक्त गोट्यांवर पावलं वाजत होती. करर... करर... तिच्याभोवती. गोल गोल.

"अंधार पडत होता. त्याने गाडीचे दिवे तिच्यावर लावले. तिसऱ्यांदा गेला. गुडघे फुटले. म्हणाला, मेसी, इकडे ये, बाळा. ती म्हणाली, तो नको म्हणतो. कोण नको म्हणतो? ती नुसती मान वळवत राहिली. हळूहळू. कुणीतरी फिरतंय आणि आपण बघतोय, तशी."

"फोन करायचा ना," मी म्हणाले. माझा आवाज मला आवडला नाही.

"त्या घळीत आजही फोन लागत नाही. आणि पोरीला सोडून जाणार कुठे? मग त्याला ती बारक्या माशांची गर्दी आठवली. तो पाण्यात शिरला. घरट्यावर जाऊन उभा राहिला. दोन्ही हातांनी पाणी हलवत मासे हाकलायला लागला. पावलं सावकाश झाली. म्हणून तो बाहेर यायला निघाला... पावलं धावायला लागली. गोल लहान झाला. तो परत पाण्यात. पावलं सावकाश.

"तेव्हा त्याला कळलं.

"मांडीपर्यंत पाणी. थंड. तो उभा राहिला. नऊ वाजले. दहा. दिवे पिवळे पडत गेले. साडेअकराला गाडीची बॅटरी संपली.

"मग काहीच दिसेना.

"फक्त करर... करर...

"मेसी हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होती. एकदा हसली. मग गप्प.

"करर...

"एक वाजून गेल्यावर चंद्र आला. पोरगी होती. आडवी झाली होती. लायलला पाय आहेत की नाहीत कळत नव्हतं. हात हलवत होता. तीन वाजले. सव्वातीन...

"त्याच्या पोटरीला काहीतरी घासलं.

"थांबलं.

"मग ढुशी. एकच.

"मासा परत आला होता. लायल एक पाऊल मागे सरला. मासा घरट्यावर जाऊन उभा राहिला. काठावरची पावलं थांबली."

ट्रॅव्हिस जाळीच्या दारामागे कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकली असणार, तरी आत गेला नाही.

"ठरल्याप्रमाणे मी पाच वाजता पोचलो," व्हर्जिल म्हणाले. "लायल गाडीत, मेसीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून छातीशी धरलेली. ती ठणठणीत. खायला मागत होती. त्याच्या तोंडून हे सगळं निघायला सकाळ गेली. पण त्याआधीच मी काठावर जाऊन आलो होतो, कारण तो एकसारखा तिकडे बघत होता.

"गोल तिथंच होता. मधोमध गोटे दबलेले, मेसी बसली होती तिथे. कोरडे. आणि त्याला लागूनच..."

त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. ब्रेडचा अख्खा पाव दाखवावा तेवढं.

"आणखी एक खळगा. तिच्यापेक्षा लहान. कुणी शेजारी बसलं असावं तसा. पाण्याने भरलेला. नदी तिथून तीस पावलं लांब. वर आठवडाभर पाऊस नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. मी बघितलं ते एवढंच."

त्यांनी दोरीचं टोक दातांनी तोडलं आणि रीळ बाजूला ठेवलं. खाली, झाडांपलीकडे, नदीचा आवाज होता. रोज असतो. त्या क्षणी तो बंद करायचं बटण कुठे असतं तर मी दाबलं असतं.

हेझल हलली नव्हती. ओठ मिटलेले, नजर ओट्याच्या पायऱ्यांपलीकडच्या अंधारात. मी तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसले, आणि बुधवारपासून घोकलेलं वाक्य शक्य तितक्या सहज म्हटलं, "हे बघ, उद्या नाही गेलीस तरी चालेल. पुढच्या वर्षीसुद्धा जाता येतं. कुणी रागावणार नाही."

तिने पेन्सिल काळजीपूर्वक आजोबांच्या हातात दिली.

"जायलाच पाहिजे," ती म्हणाली. "मेसीशेजारच्या त्या दुसऱ्याला न्यायला कुणी आलं की नाही, ते कुणी बघितलंच नाही."