होमपेज दीपमालाकडे आहे

माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं, आणि माझ्या कॉम्प्युटरवरचं नोटपॅडचं चित्र गायब होतं.

२००६चा जानेवारी. कॉलेज रोडवर झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे आमचं ऑफिस. तिथे आम्ही वेबसाइट बनवायचो. नाशिकची थंडी अशी, की कीबोर्डला हात लावण्याआधी बोटं चहाच्या ग्लासावर शेकून घ्यावी लागत. मी तशीच, ग्लास धरून उभी राहिले.

"ही माझी जागा आहे."

तो वळला. उंच, सावळा. अंगातला स्वेटर नक्की आईने विणलेला, कारण एक बाही दुसरीपेक्षा लांब होती.

"दीपमाला जगताप ना? मी भारत आहेर. आजच लागलो. सरांनी नवं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलंय."

"आणि माझं नोटपॅड?"

"आहे की. फक्त आत ठेवलंय... जरा लांब."

असं म्हणून हसला. तेच चुकलं. नाहीतर मी चांगली भांडणार होते.

मला माझ्या नोटपॅडचा भारी अभिमान होता. पानंच्या पानं कोड मी हाताने लिहायचे, एकही अक्षर उसनं नाही. पण आमच्या सोमनाथ सरांनी आयडीई नावाचं कोड लिहायचं नवं सॉफ्टवेअर आणलं. कोड लिहा, तपासा, साइटवर चढवा, सगळं एकाच खिडकीत. आणि ती आम्हाला शिकवायला हा देवळा गावचा भारत.

"हे बघा," तो स्टूल ओढून बसला. "दोनच अक्षरं लिहा. पुढचं कॉम्प्युटर सुचवतो."

"माझ्या मनातलं दुसऱ्याने सुचवलेलं मला आवडत नाही."

"तो नुसता सुचवतो हो. घ्यायचं की नाही, ते तुमच्यावर."

"आणि ही लाल नागमोडी रेघ?"

"चुकलात, की लगेच खाली येते."

"म्हणजे शाळेतल्या बाईच म्हणा की."

"बाई मारायच्या. हा मारत नाही," तो म्हणाला, आणि मी मान वळवून हसले. त्याला दिसू नये म्हणून. त्याने पाहिलंच.

आठवडाभर मी तोंड वाकडं करून शिकले. मग एका दुपारी त्याने पडदा दुभागून दाखवला. वर माझा कोड, खाली त्याचं होणारं पान. वर रंग बदलला की खाली तोच रंग तिथल्या तिथे! काम होतं मखमलाबादच्या पुंजाभाऊंचं. त्यांचे गुलाबाचे पॉलीहाऊस होते, आणि फेब्रुवारीतल्या त्या प्रेमाच्या दिवसाआधी त्यांना साइट हवी होती. आम्ही दोघं शेजारी बसून लाल रंग शोधत होतो.

"हा?"

"हा तर कुंकवाचा झाला."

"मग हा?"

"हा... जरा लाजलेला वाटतो," भारत म्हणाला. तो पडद्याकडे बघत नव्हता. माझे कान गरम झाले आणि मी तोच रंग ठेवला.

तोवर 'अहो'चं 'अगं' झालं होतं. डबा एकत्र उघडत होतो. त्याच्या डब्यातला ठेचा मला लागायचा, माझ्याकडची गुळाची पोळी त्याला. पण सगळ्यात आवडायला लागलं ते कुलूप. पूर्वी मी दिवसभर खपून केलेलं पान सर आपली जुनी फाइल चढवून पुसून टाकायचे. आता एकाने फाइल घेतली, की सगळ्यांच्या पडद्यावर तिच्याशेजारी छोटं कुलूप आणि घेणाऱ्याचं नाव यायचं. तो सोडेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही.

महिनाअखेरीला पुंजाभाऊंची साइट सुरू झाली, पण तिचं पहिलं पान, होमपेज, सुधारण्यासाठी कायम माझ्या नावावर. भारत खोलीभर ऐकू जाईल असं ओरडायचा, "होमपेज दीपमालाकडे आहे. जेवायला तरी सोडेल का?"

आणि मला वाटायचं, असंच ओरडत राहावं यानं.

फेब्रुवारीतला पहिला शनिवार. सकाळीच घरून फोन आला होता. दिवसभर ते माझ्या जिभेवर होतं, संध्याकाळी कसंबसं बाहेर पडलं.

"उद्या मला बघायला येतायत. निफाडचे आहेत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो पडद्याकडे. मग म्हणाला, "अरे वा... अभिनंदन."

अभिनंदन! मी कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली आणि तरातरा जिना उतरले. माझ्या गावच्या, लासलगावच्या एसटीत खिडकीशी बसून डोळे पुसले. आपण होमपेजचं कुलूप तसंच लावून आलोय, हे डोक्यातही नव्हतं.

रविवारी कांद्याचं मार्केट बंद, म्हणून माझे वडील, आप्पा, घरात. कलाकाकूने सकाळीच माझा मोबाइल काढून कपाटात ठेवला. "आज नाय वाजायचा हा," म्हणाली. निफाडच्या मुलाला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. फोटो पाठवतो म्हणाले, तो आलाच नाही. मध्यस्थ बहिरूमामा तेवढे त्याला ओळखत, पण ते पाहुण्यांसोबतच जीपने येणार होते.

अकराच्या सुमारास बाहेर काकूचा आवाज आला, "या, या! एकटेच आले? बाकीची मंडळी मागून हायेत का?"

कुणीतरी अस्पष्ट काहीतरी बोललं. मग आप्पांचं सुरू झालं. प्रवास कसा झाला, घरी कोण कोण, कांदा लाल लावता का उन्हाळ. उत्तरं मला नीट ऐकू येत नव्हती. आप्पा मात्र मध्येच खळखळून हसले. आप्पा पाहुण्यांपुढे हसत नाहीत.

हसले म्हणजे पसंत. पसंत म्हणजे संपलं सगळं.

आईने हातात पोह्यांचा ट्रे दिला. मी खाली मान घालून बाहेर गेले, ट्रे पुढे केला आणि नाइलाजाने वर बघितलं.

एक बाही लांब!

भारत. खुर्चीच्या टोकावर, घामाघूम, ऐन फेब्रुवारीत.

"घ्या," आप्पा त्याला म्हणाले, "पोहे घ्या. आणि मुलीला काय विचारायचं ते मोकळेपणी विचारा."

भारतने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. तो घसा साफ करून म्हणाला, "ते... होमपेज तुमच्याकडे अडकलंय. सोडता का?"

"शिकलेली पोरं हायेत," काकू आईच्या कानात म्हणाली. आप्पांनी जिन्याकडे हात केला. "गच्चीवर जा. बोला निवांत."

गच्चीवर आईने वाळत घातलेल्या पापडांच्या मध्ये आम्ही उभे राहिलो.

"तू इथे कसा?"

"पुंजाभाऊंचा फोन नंबर एका आकड्याने चुकलाय. गुलाबाच्या ऑर्डरी पिठाच्या गिरणीत जातायत. गिरणीवाला शिव्या देतोय. आणि पान तुझ्याकडे. तुझा फोन बंद. सरांकडून पत्ता घेतला नि आलो."

"अरे, पण सक्तीने उघडायचं बटण आहे ना? तूच तर शिकवलंस."

"आहे. सरही तेच म्हणाले. पण तुझ्या कॉम्प्युटरवरची, अजून न चढवलेली आठवड्याची मेहनत पाण्यात गेली असती." तो पापडांकडे बघत म्हणाला, "मला नाही दाबवलं ते."

एका नंबरासाठी हा माणूस एसटीने लासलगावला आला होता. मला हसावं की रडावं कळेना.

"तुझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दे. मी जातो, तुझं काम चढवतो, नंबर दुरुस्त करतो. खाली काहीतरी घोटाळा झालाय. तुझे वडील मला सारखे पोहे देतायत."

मी वाकून एक पापड उलटला.

"पासवर्ड, दीपमाला."

"...भारत जा."

"अगं जातोच आहे, पण आधी—"

"तोच पासवर्ड आहे. इंग्रजी अक्षरात, सलग." मी ओढणीचं टोक पिळत होते. "तू नोटपॅड लपवलंस ना, त्या दिवशी ठेवला."

त्याने हळूच विचारलं, "आणि आता?"

"आता बदलायचाय."

वारा नव्हता, तरी माझे केस सारखे डोळ्यांवर येत होते. तो एक पाऊल जवळ आला. "काल तू सांगितलंस, आणि मला काही सुचलंच नाही गं. रात्रभर त्या एका शब्दावरून स्वतःला शिव्या घातल्या. मला तू आवडतेस. लय आवडतेस."

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच देवळ्याचं 'लय' ऐकलं. इतकं गोड लागलं, की मी 'पुन्हा म्हण' म्हणणार होते. आणि तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला.

खाली उतरलो तेव्हा ओसरीवर बहिरूमामा, एक गोरा, चष्मेवाला मुलगा आणि त्याचे आईवडील उभे होते. मामांनी भारतकडे बोट करून आप्पांना विचारलं, "रंगनाथ, हे कोण?"

आप्पांचा चेहरा पडला. काकूने पदर तोंडाला लावला. भारत पुढे झाला, "माफ करा. मी दीपमालाच्या ऑफिसातला. एक नंबर चुकलाय, गुलाबाच्या ऑर्डरी गिरणीवाल्याला जातायत. तेच सांगत होतो, पण कुणी बोलूच देईना..."

"आत जा, दुसरा ट्रे आण," आई माझ्या कानाशी कुजबुजली.

मी जागची हलले नाही. "नाही आई. पोहे मी एकदाच आणते. ते यांना दिले."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले, मग भारतकडे.

"तुमचं काय म्हणणं?"

"माझं आत्ताच वर सांगून झालं, आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर इथेही सांगतो."

आप्पांनी निफाडच्या मंडळींपुढे हात जोडले. चूक आमची आहे, जेवल्याशिवाय जायचं नाही, म्हणाले. मुलाचे वडील घटकाभर घुश्शात होते, पण चष्मेवाला मुलगाच हसला आणि म्हणाला, "बाबा, बसा. मलाही घाई नव्हतीच."

मग आप्पा भारतजवळ आले. आता ओरडतील म्हणून मीही पुढे सरकले.

"पुढच्या रविवारी आईवडलांना घेऊन या," आप्पा म्हणाले. "आणि आधी त्या गिरणीवाल्याला सोडवा."